ग्रुपमध्ये शेवटी कोण पळतं, ते आधी विचारा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वर्षभर एकटेच पळताय, पाच किलोमीटर न थांबता जमतात, पण गेले काही महिने बूट घालायचीच इच्छा होत नाही. जवळ एक रनिंग ग्रुप आहे. त्यातले बरेचजण हाफ आणि फुल मॅरेथॉन पळणारे. त्यांच्याकडून प्रेरणा मिळेल, की आपण किती मागे आहोत हे दर रविवारी कळून उरलासुरला उत्साहही जाईल?

जा. नक्की जा. फक्त तिथे कोणाकडे बघायचं हे ठरवून जा. मी बरीच वर्षं ग्रुपमध्ये पेसरचं, म्हणजे ठरलेल्या वेगाने पळत इतरांना बरोबर नेण्याचं काम करतो, बहुतेक वेळा सगळ्यात हळू गटाचं. ग्रुपकडून माणसाला नेमकं काय मिळतं याबद्दलची माझी मतं मागच्या टोकाला पळतापळताच तयार झाली आहेत, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने येईल.

आधी एक गोष्ट. तुमची प्रेरणा आटलीय असं मला वाटत नाही. मॅरेथॉनचे व्हिडिओ बघितले की अजून अंगावर काटा येतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे प्रेरणा भरपूर आहे, ती रात्री दहा वाजता येते आणि पहाटे साडेपाचला नसते, एवढंच. एकट्याने पळणाऱ्याला रोज पहाटे नव्याने निर्णय घ्यावा लागतो. गजर वाजला की मनातल्या मनात घासाघीस सुरू होते: काल झोप कमी झाली, पोटरी जरा दुखतेय, उद्या जास्त पळू. या घासाघिशीत आपण नेहमी हरतो, कारण समोरची बाजूही आपणच मांडत असतो. आदल्या रात्री कोणाला तरी "सहाला गेटपाशी भेटतो" असं सांगून ठेवलं असेल तर हा खटला उभाच राहत नाही. कोणीतरी थंडीत उभं राहून आपली वाट बघेल, या लाजेपोटी माणूस उठतो. लाजेला उगाच नावं ठेवू नका, पहाटेच्या वेळी ती फार कामाची असते.

संगतीने वेग वाढतो हे निरीक्षण तसं जुनं आहे. 1898 मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवणाऱ्यांपेक्षा पुढे पेसर असलेले आणि प्रत्यक्ष चुरशीत असलेले सायकलस्वार बरेच वेगवान होते. मग त्याने 40 मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला दिलं, कधी एकट्याने, कधी जोडीने. सामाजिक मानसशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते आणि "बघा, ग्रुपने वेग वाढतो" असं म्हणत लोक त्याचा दाखला देतात. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. निम्म्या मुलांचा वेग वाढला, दहाजणांना विशेष फरक पडला नाही, आणि उरलेली दहा मुलं चुरशीने इतकी गडबडली की त्यांचा वेग उलट घसरला. तुमची भीती या शेवटच्या दहांची आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून ग्रुपमध्ये जावं की नाही यापेक्षा ग्रुपमधल्या कोणाबरोबर पळावं, हा प्रश्न मोठा.

त्याचं उत्तर मला सगळ्यात पटलं ते ओटो कोह्लर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या कामात. 1920 च्या दशकात त्याने बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या नावाड्यांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याला आणि मग जोडीला दुप्पट वजनाचा एकच बार देऊन. एकाने हात टाकला की दुसऱ्याला तो एकट्याने पेलणं शक्य नाही, म्हणजे जोडी तिथेच संपली. अशा वेळी जोडीतला कमजोर माणूस एकट्याने जेवढा टिकायचा त्याहून जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं थांबायला नको, हे त्यामागचं कारण. पण त्यात एक मेख आहे. दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असला तरच हा परिणाम नीट दिसला. दोघं अगदी सारखे असले किंवा फार विजोड असले, तर तो ओसरला.

रस्त्यावर मी हेच बघत आलोय. किलोमीटरला आठ मिनिटं घेणारा माणूस पाच मिनिटांच्या पेसने पळणाऱ्याकडे बघून हरखतो, फोटो काढतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. तोच माणूस साडेसातने पळणाऱ्याच्या बाजूला लावून दिला की दोन महिन्यांत नकळत पावणेआठवर येतो, आणि विचारलं तर म्हणतो, "कुठे काय, गप्पा मारत होतो." तेव्हा पहिल्या दिवशी आपल्यापेक्षा जेमतेम पुढे असलेला माणूस शोधा. किलोमीटरमागे पंधरा सेकंदांपासून फार तर अर्ध्या मिनिटाचा फरक. हा आकडा कोह्लरचा नाही, माझ्या अंदाजाचा आहे, पण सहसा चुकत नाही.

आता तुमच्या न्यूनगंडाकडे येतो. तुम्ही गृहीत धरलंय की प्रेरणा पुढून मागे येते. वेगवान लोक देणारे, हळू लोक घेणारे. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइड्स यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसतं. एका जागतिक नेटवर्कवर धावण्याची नोंद ठेवणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांचा पाच वर्षांचा डेटा त्यांनी घेतला. मित्र पळाले म्हणून आपण पळतो, की पळणाऱ्यांचीच मैत्री होते, हा गुंता सोडवायला त्यांनी हवामानाचा आधार घेतला. एका शहरात पाऊस पडला की तिथल्या लोकांचं पळणं घटतं, मग दुसऱ्या, कोरड्या शहरातल्या त्यांच्या मित्रांचंही घटतं का? घटत होतं. म्हणजे पळणं खरोखरच एकाकडून दुसऱ्याला लागतं. पण ते कुणाकडून कुणाला लागतं? कमी पळणारे जास्त पळणाऱ्यांवर परिणाम करत होते, उलट दिशेने तो दिसला नाही. साधं आहे, मागून कोणी जवळ येताना दिसलं की पुढचा पाय उचलतो. तुम्ही ग्रुपमध्ये गेलात तर तिथल्या मॅरेथॉनवाल्यांचा तुमच्यावर होईल त्यापेक्षा तुमचा त्यांच्यावर परिणाम जास्त होण्याची शक्यता आहे. त्यांना हे कळणार नाही, कळलं तरी ते कबूल करणार नाहीत. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम होतो, स्त्रियांवर मात्र फक्त इतर स्त्रियांचा. म्हणून ग्रुपमध्ये नवी आलेली मुलगी टिकावी असं वाटत असेल तर तिला एखाद्या ताईबरोबर पळू द्यावं. पुरुष पेसरांनी सल्ले जरा आवरते घ्यावेत. (हा सल्ला मी स्वतःलाही देत असतो.)

मागच्या टोकाची ताकद काय असते, याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट न्यूझीलंडची आहे.

ऑकलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस होता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा, जोडीला दूध टाकायचा, आणि आसपासच्या मुलांना पळायला शिकवायचा. कुठली अकादमी नाही, निवड चाचणी नाही, जवळपास राहणारी पोरं. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी डोंगरातून 22 मैलांचा, म्हणजे साधारण 35 किलोमीटरचा फेरा मारायचा, मग कोणाची शर्यत मॅरेथॉनची असो नाहीतर दोन मिनिटांत संपणारी असो. त्यातल्या दोघांनी, पीटर स्नेल आणि मरे हाल्बर्ग यांनी, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी 800 आणि 5,000 मीटरची सुवर्णपदकं जिंकली. तिसऱ्याने, बॅरी मॅगीने, मॅरेथॉनचं कांस्य आणलं. इथपर्यंतची गोष्ट पुढच्या टोकाची आहे, आणि सगळे तीच सांगतात.

पण लिडियार्डने आणखी एक काम केलं होतं. वजन वाढलेल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मध्यमवयीन माणसांना त्याने हळूहळू पळायला लावलं होतं. 1962 च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला. हाच पुढे नाइकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक झाला. तेव्हा वय पन्नाशीच्या थोडं पुढे, जन्म खेळाडू घडवण्यात गेलेला, त्यामुळे आपण बरे फिट आहोत अशी समजूत. लिडियार्ड त्याला या जॉगर मंडळींबरोबर पळायला घेऊन गेला आणि पहिल्याच टेकाडावर बॉवरमनचा श्वास तुटला. घोळका पुढे गेला. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मागे वळले. त्यांनाही हृदयविकाराने गाठून झालेलं. ते त्याच्या बाजूला आले आणि त्याच्या वेगाने पळत, गप्पा मारत त्याला मुक्कामापर्यंत घेऊन आले. बॉवरमन त्या दौऱ्यात रोज पळत राहिला, घरी परतल्यावर त्याने आपल्या गावात सामान्य लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले, आणि 1967 मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर पुस्तक लिहिलं, ते लाखोंनी खपलं. अमेरिकेत जॉगिंगची लाट आली त्याची एक मोठी सुरुवात ही. ऑलिंपिक विजेते घडवणारा माणूस ऑलिंपिक विजेत्यांच्या गावी गेला, आणि त्याचा विचार बदलला तो त्याच्यासाठी मागे थांबलेल्या एका म्हाताऱ्या माणसामुळे.

म्हणून ग्रुप निवडताना मी पहिला प्रश्न विचारायला सांगतो: शेवटच्या माणसाबरोबर कोण असतं? ग्रुप चालवणाऱ्याला सरळ मेसेज करा. "मी पाच किलोमीटर साधारण चाळीस मिनिटांत करतो, रविवारी शेवटच्या गटाबरोबर कोण असेल?" एखादं नाव आलं तर ग्रुप चांगला. "अहो, कोणीतरी असतंच, या तुम्ही" असं उत्तर आलं तर समजा कोणी नसतं. ज्या ग्रुपने हे काम कोणावर तरी सोपवलंय, त्याने हळू माणसाचा विचार तो येण्याआधीच करून ठेवलाय. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 ला 13 धावपटूंनी एक साप्ताहिक धाव सुरू केली. पॉल सिंटन-हेविट या सुरू करणाऱ्याला स्वतःला तेव्हा दुखापत होती, पळता येत नव्हतं, पण पळणाऱ्या मित्रांपासून तुटायचं नव्हतं, म्हणून तो घड्याळ घेऊन उभा राहिला. तीच आज पार्करन म्हणून कितीतरी देशांत दर आठवड्याला होते, पाच किलोमीटर, फुकट. तिथे सगळ्यात शेवटी चालत येणं हे एका स्वयंसेवकाचं ठरलेलं कामच असतं. त्यामुळे भाग घेणारा कोणीही कधी शेवटचा येत नाही. एवढ्याशा युक्तीने किती लोकांची पहिल्या दिवसाची धाकधूक गेली असेल!

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये हीच गोष्ट आणखी ठसठशीत दिसते. 1921 पासूनची ही शर्यत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधली, जवळपास 90 किलोमीटरची. बारा तासांची मुदत संपते त्या क्षणी एक अधिकारी अंतिम रेषेकडे पाठ करून बंदूक झाडतो. पाठ अशासाठी, की कोण अर्ध्या पावलाने राहिलं हे त्याला दिसू नये. त्यानंतर आलेल्याला पदक नाही. तिथे हळू धावणाऱ्यांचे मोठमोठे घोळके एका अनुभवी पेसरच्या मागे चालतात. त्या घोळक्याला बस म्हणतात आणि पेसरला ड्रायव्हर. कुठे पळायचं, कुठल्या चढावर चालायचं, किती पावलं चालायचं, सगळं ड्रायव्हर ओरडून सांगतो आणि बस एका तालात गात पुढे सरकते. शर्यत जिंकणारे कधीच घरी पोचलेले असतात. या बसमधून मुदतीच्या काही मिनिटं आधी पोचलेला माणूस आयुष्यभर ड्रायव्हरचं नाव सांगतो, विजेत्याचं बहुधा विसरतो.

तालाचा विषय निघालाय तर एक प्रयोग. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रोइंग संघातल्या खेळाडूंना व्यायामाच्या यंत्रांवर आधी एकेकट्याने आणि मग सगळ्यांनी मिळून एका तालात वल्हवायला लावलं. मेहनत तेवढीच. पण मिळून केल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा एकट्याने केल्यानंतरच्या तुलनेत ठळकपणे वाढलेली दिसली. शरीरात स्रवणाऱ्या, वेदना कमी करणाऱ्या एंडॉर्फिनशी संशोधक त्याचा संबंध लावतात. प्रयोग थोड्याच खेळाडूंवर झालेला होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये बाजूच्याच्या पावलांत पाऊल मिसळलं की पाय हलके वाटतात, हे ज्याने अनुभवलंय त्याला हे वाचून नवल वाटणार नाही.

आमच्या मागच्या गटातलं एक उदाहरण देतो. एक बाई आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांचं गणित ठरलेलं, विजेचे चार खांब पळायचं, एक खांब चालायचं. चालायचा खांब आला की त्या बोलताबोलता मध्येच थांबतात, हात खाली सोडून खांदे दोनदा झटकतात, आणि पुढच्या खांबाशी पळायला लागताना अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलतात. एकदा नडगीच्या दुखण्यातून उठलेला एक वेगवान मुलगा माझ्याकडे आला. त्याला डॉक्टरांनी पळत-चालत सुरुवात करायला सांगितलं होतं, मी मावशींबरोबर पाठवलं. पहिल्या रविवारी तो दर खांबाला घड्याळ बघत होता, आणि पुढे गेलेल्या मित्रांकडे. मावशींनी त्याला एका शब्दाने धीर दिला नाही. फक्त "चार झाले, थांब" एवढंच सांगत राहिल्या. तिसऱ्या-चौथ्या रविवारी बघितलं तर त्याने बाही घड्याळावर ओढून घेतलेली, आणि खांब मोजायचं काम त्याच्याकडे आलेलं. नडगी बरी झाल्यावरही तो महिन्यातून एखाददा मागे येतो. विचारलं तर म्हणाला, "नाही गेलो तर मावशी एकट्या पडतील." मावशी आधीपासून एकट्याच पळायच्या आणि त्यांचं काही अडलेलं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

पळत-चालत जाणं म्हणजे कमीपणा, असं अजूनही कोणी म्हणालं तर जेफ गॅलोवेचं नाव सांगा. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर पळलेला हा माणूस. नवशिक्यांना शिकवताना त्यानेच ठरलेल्या अंतराने चालण्याची पद्धत रुजवली.

आता ग्रुपचे तोटे, कारण ते आहेत. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे इझी रनची, म्हणजे आरामात पळायच्या धावेची, रेस होते. कोणीच ठरवत नाही, पण बाजूचा अर्धं पाऊल पुढे जातो, आपण भरून काढतो, तो पुन्हा पुढे जातो. तीन किलोमीटरनंतर गप्पा बंद आणि सगळ्यांच्या माना खाली. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, त्यात साधारण 80 टक्के सत्रं सोप्या तीव्रतेची निघाली. आपल्यासारखे हौशी बरोबर उलट करतात, सोप्या दिवशी जरा जास्त जोरात आणि जोराच्या दिवशी दमलेले. कसोटी सोपी आहे: पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही चुकीच्या गटात आहात. अशा वेळी बिनधास्त सांगा, "मी मागच्यांबरोबर येतो," आणि मागे या. ज्या ग्रुपमध्ये असं म्हटल्यावर हशा पिकतो, तो ग्रुप सोडायला हरकत नाही.

अंतराचंही तेच. तुमचे पाच किलोमीटर आहेत आणि ग्रुपचा लाँग रन अठराचा असेल, तर "आज सगळ्यांबरोबर बारा करून बघू" हा मोह आवरा. त्या दिवशी होतील, उत्साहात कळणारही नाही. गुडघा दोन दिवसांनी बोलेल. ग्रुपबरोबर निघा, अडीच किलोमीटरवर परत फिरा. परत फिरणारं दुसरं कोणी आहे का, हेही आधीच विचारून ठेवा, नाहीतर वळताना फार एकटं वाटतं. मग दर आठवड्याला थोडं पुढे जाऊन वळायचं.

तिसरा तोटा फोनमध्ये आहे. ग्रुपच्या ॲपवर आठवड्याची यादी लागते, कोणी किती किलोमीटर केले. व्हॉट्सॲपवर मेडलचे फोटो. वर सांगितलेल्या अभ्यासातला डेटाही अशाच नोंदींचा होता, म्हणजे हे सगळं किलोमीटर वाढवतं यात शंका नाही. पण त्यात दुखरा घोटा घेऊन पळालेले किलोमीटरही मोजले जातात. निदान पहिले तीन महिने ती यादी म्यूट करा. बघायचंच असेल तर स्वतःची गेल्या महिन्याची नोंद बघा.

केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगेचं उदाहरण इथे नेहमी चुकीच्या कारणासाठी दिलं जातं. 12 ऑक्टोबर 2019 ला व्हिएन्नामध्ये त्याने मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापलं, आणि पोस्टर निघाली ती त्याच्या मनोबलाची. त्या दिवशी 41 पेसर आळीपाळीने त्याच्याभोवती रचना करून वारा अडवत होते. त्यांतले अनेकजण स्वतः ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांतले मोठे धावपटू. म्हणूनच तो विक्रम अधिकृत धरला गेला नाही, आणि म्हणूनच मला तो जास्त आवडतो. केनियातल्या काप्तागातच्या ज्या कॅम्पमध्ये तो प्रशिक्षक पॅट्रिक सांगच्या हाताखाली घडला, तिथे कामं वाटून केली जातात. तो विश्वविक्रमवीर होता तेव्हाही शौचालय धुण्याच्या पाळीतून त्याची सुटका नव्हती. तिथले इझी रनही सुरुवातीला इतके संथ असतात की आपल्यासारख्यालाही काही मिनिटं बरोबर राहता येईल.

या पाळीवरून तुमच्यासाठी शेवटचा मुद्दा. महिन्या-दोन महिन्यांत ग्रुपमध्ये काहीतरी काम मागून घ्या. पाण्याच्या बाटल्या घेऊन वळणावर उभं राहणं, नव्या माणसाला रस्ता दाखवणं, आल्या-गेल्याची मोजणी करणं, काहीही. माझ्या बघण्यात ग्रुपमधून गळणारे लोक बहुतेक असे असतात, ज्यांच्यावाचून त्या सकाळी कोणाचं काही अडत नाही. दुखापत झाली की तर हे काम सोन्याचं ठरतं. पाय बांधलेला माणूस घरी बसून इतरांचे फोटो बघत राहिला की तो परतायचं नाव काढत नाही. तोच बाटल्या घेऊन वळणावर उभा राहिला तर परत पळायला लागेपर्यंत ग्रुपमध्येच असतो.

आणि सगळी धाव ग्रुपबरोबर करू नका. आठवड्यातून एखादा दिवस, फार तर दोन, ग्रुपचे. बाकीचे तुमचे एकट्याचे. स्वतःचा पेस ऐकू यायला एकटं पळावं लागतं. ग्रुपशिवाय पाऊल उचलता येत नाही असेही लोक मी बघितलेत. शर्यतीत तीसाव्या किलोमीटरनंतर घोळका फुटला की त्यांची फार फरपट होते. तुम्ही वर्षभर एकट्याने पळालाय, ही तुमच्याकडची जमा बाजू आहे.

समजा जवळचा तो ग्रुप नाहीच जमला: सगळे फार वेगवान, किंवा वेळ जुळत नाही, किंवा चार रविवार जाऊनही कोणी नाव विचारलं नाही. (चार रविवार मात्र द्या. पहिल्या दिवशी सगळेच अवघडलेले असतात, जुनेसुद्धा.) मग दुसरा एक माणूस शोधा. दोन माणसांचाही ग्रुप होतो. कोह्लरच्या प्रयोगातल्या जोड्या दोघांच्याच होत्या. मोठ्या गोष्टीही लहानच सुरू होतात: न्यूयॉर्कची मॅरेथॉन 1970 मध्ये एका बागेत चकरा मारत सुरू झाली तेव्हा 127 जण निघाले आणि 55 पोचले.

असा ग्रुप सुरू करताना वार, वेळ, जागा आणि अंतर हे चारही पक्के ठेवा आणि कोणाच्या सोयीसाठी बदलू नका. बदलत गेलं की दर आठवड्याला "उद्या आहे का?" असं विचारावं लागतं, आणि विचारावं लागलं की उत्तर हळूहळू नाही असं यायला लागतं. अंतर कमी ठेवा, तीन किलोमीटर पुरे. कोणी आलं नाही तर एकटेच पळा, मग ग्रुपवर रागरुसवा न करता एवढंच टाका: "आज तीन झाले. पुढच्या रविवारी सहालाच, तिथेच."